दुकानदार काकांना विचारा: कॉफीचं पाकीट उलटं करून वाचा

(बेळगाव-शहापूरच्या किराणा दुकानात हयात घालवलेले आमचे काका दर महिन्याला वाचकांच्या वाणसामानाच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी बहुतेक पत्रं स्वस्त पाकीटबंद खाण्याची आणि कॉफीची आली आहेत.)

प्रश्न: काका, नमस्कार. आमचे मिस्टर काही वर्षं हुबळीला कामाला होते. तिथं त्यांना हॉटेलच्या कॉफीची चटक लागली, ती आता घरीही तशीच पाहिजे म्हणतात. दुकानातनं निरनिराळी पाकिटं आणून बघितली, अगदी दोन रुपयांच्या पुडीपासून काचेच्या बाटलीपर्यंत. एक कडू, तर दुसऱ्याला नुसता रंग. सासूबाई म्हणतात, जायफळ घाल, कुठलीही कॉफी चांगली लागते. महिन्याच्या हिशोबात बसेल आणि चवीलाही बरी असेल अशी कुठली घ्यावी? आमच्याकडं फिल्टर नाही.
— एक गृहिणी, खानापूर

उत्तर: ताई, पाकिटाच्या पुढच्या बाजूला वाफाळता कप आणि हसणारं जोडपं असतं. कॉफी किती आणि तिच्यात मिसळलेली चिकोरीच्या मुळाची पूड किती, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते आधी शोधा. चिकोरी मिसळलेली असेल तर दोन्हींची टक्केवारी छापावीच लागते, आणि अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी असा नियम आहे. म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी घालून कायद्यानं विकता येते. ब्रू इन्स्टंट घेतलीत तर त्यावर कॉफी 70, चिकोरी 30 असं दिसेल. नेसकॅफे क्लासिक किंवा ब्रू गोल्ड यांत चिकोरी नसते. तुम्ही आणलेल्या पाकिटांत चवीचा जो फरक पडला, त्यातला निम्मा तरी या आकड्यांचा आहे.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून, दळून घालतात. त्यात कॅफिन नसतं, पण रंग दाट येतो आणि कडवट-गोडसर असा भरीवपणा येतो. शुद्ध कॉफीचा पुरस्कार करणारे तिला नावं ठेवतात, मी ठेवत नाही. हुबळी-धारवाडच्या हॉटेलात दुधातनं जी कॉफी उभी राहते, तिच्यात बहुतेक ठिकाणी चिकोरी असतेच. आमटीतल्या गुळासारखं तिचं आहे, माप सांभाळलं तर कळत नाही, चुकलं तर दुसरं काही कळत नाही. दुधाच्या कॉफीला वीस-तीस टक्के मला पुरेशी वाटते. चाळीसच्या वर गेली की तुम्ही लिहिलंय तसा नुसता रंग मिळतो.

आता हिशोब. समजा 100 ग्रॅमची दोन पाकिटं आहेत. एक 180 रुपयांचं, त्यात कॉफी 70 टक्के. दुसरं 140 रुपयांचं, त्यात 51 टक्के. दुसरं चाळीस रुपयांनी स्वस्त दिसतं. खरं कॉफीच्या वजनानं भागून बघा. पहिल्यात कॉफीचा एक ग्रॅम दोन रुपये सत्तावन्न पैशांना पडला, दुसऱ्यात दोन रुपये पंचाहत्तर पैशांना. चिकोरीचे पैसे पहिल्यातही आहेत म्हणा, खरं महाग कुठलं ते कळलं की नाही? शिवाय हलकी कॉफी चमचाभर जास्त लागते, ते वेगळंच.

दुकानदार काय सुचवतो त्यावर फार जाऊ नका. हे मी, जन्मभर गल्ल्यावर बसलेला माणूस सांगतोय. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन लाइनवर आला की कुठल्या मालावर बारा घेतले तर एक फुकट, अशी स्कीम सांगतो. ज्याची स्कीम चालू, ते पाकीट काउंटरवर पुढं येतं. त्यात लबाडी आहे असं नाही, धंदा आहे. तुम्ही आपलं नवीन कॉफीचं सगळ्यात लहान पाकीट मागा. आपल्याकडं लहान पाकीट हे प्रति ग्रॅम मोठ्यापेक्षा महागच असतं असंही नाही, कधीकधी उलटंच निघतं. छापील किमतीजवळ प्रति ग्रॅम किंमतही दिलेली असते, ती ताडून बघा. काचेच्या बाटलीत बाटलीचे पैसे असतात. एकदा बाटली घ्या आणि नंतर त्यातच पाकीट ओतत जा.

हॉटेलची चव मात्र इन्स्टंटमधनं पूर्ण येणार नाही, हे मिस्टरांना आधीच सांगून टाका. इन्स्टंट म्हणजे कॉफीचा काढा करून तो वाळवलेला. हॉटेलात भाजलेल्या बियांची पूड असते आणि तिचं डिकॉक्शन काढतात. ही फिल्टरची पूड दुकानात कोथास, नरसूस, लेविस्टा, ब्रू ग्रीन लेबल अशा नावांनी मिळते. इथंही चिकोरीचे आकडे वाचायचे. फिल्टर नसला तरी अडत नाही. दोन कपांसाठी चहाचे तीन गच्च चमचे पूड एका भांड्यात घ्या. पाणी उकळून उतरवा, क्षणभर थांबा आणि अर्धा कप पाणी त्या पुडीवर ओता. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं हात लावू नका. मग स्वच्छ पातळ फडक्यातनं गाळा. हे झालं डिकॉक्शन. ते पुन्हा उकळायचं नाही, सगळा कडवटपणा तिथनंच येतो. दूध वेगळं खळखळून तापवायचं आणि त्यात डिकॉक्शन ओतायचं. पुढं जमलं तर स्टीलचा फिल्टर घ्या. वरच्या डब्यात पूड हलकी दाबायची, गरम पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्यायचं. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

दुधाकडंही बघा. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये 6. नंदिनी घ्या नाहीतर कोल्हापूरकडनं येणारं गोकुळ, पिशवीवरचा आकडा वाचून घ्या. निळ्या पिशवीच्या टोन्ड दुधात पाणी घालून हॉटेलची कॉफी मागितली तर कॉफीनं काय करावं? महाग पाकिटापेक्षा त्या एका कपापुरतं दाट दूध घेतलेलं बरं.

गावात कोण बिया समोर दळून देत असेल तर तिथं फळ्यावर 'पीबी', 'प्लँटेशन ए', 'चेरी' असं लिहिलेलं असतं. पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी भरते ती. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. प्लँटेशन म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका, आणि चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली. रोबस्टा अरेबिकापेक्षा स्वस्त, कडक, आणि तिच्यात कॅफिन सुमारे दुप्पट. दुधाला रोबस्टाचा थोडा हात चांगला लागतो आणि खिशालाही सोपा जातो. शंभर ग्रॅमच्या वर दळून आणू नका, दळलेल्या पुडीचा वास लवकर उडतो. गंमत बघा, देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन ही सगळी आपल्याच राज्यातली नावं, आणि आपल्या मराठी घरात पाहुणा आला की अजून चहाच टाकतात. कॉफी निघते ती जागरणाला नाहीतर आजाऱ्याला.

सासूबाईंचं जायफळ. चिकोरीच्या कॉफीत चिमूटभर किसून जरूर घाला, तिच्या गोडसरपणाला ते जुळतं. चांगली अरेबिका आणलीत तर मात्र नको, दोघांचा वास भांडतो. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा.

आणि पावसाळ्यात तुमच्या खानापुरात इन्स्टंट कॉफीचा दगड होणार. तिला ओलावा सोसत नाही. चमचा कोरडा ठेवा, बरणीचं झाकण घट्ट लावा, गॅसशेजारी ठेवू नका. गोळा झाला म्हणजे वाईट झाली असं नाही, वास ठीक असेल आणि बुरशी नसेल तर चालते.

प्रश्न: काका, मी चंदगडहून शिकायला बेळगावात आलोय. टिळकवाडीत रूम आहे. गॅस लावायची परवानगी नाही, फक्त इलेक्ट्रिक किटली आहे. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, आणि सकाळी नाश्ता मिळत नाही. नूडल्स खाऊन कंटाळा आला. कमी पैशात दुकानातलं काय आणून ठेवू? थ्री-इन-वन कॉफी चांगली का?
— एक विद्यार्थी

उत्तर: पोरा, किटलीत दूध उकळू नकोस, तळाला लागून किटली जाते. तिच्यात पाणीच.

थ्री-इन-वनच्या पुडीवर घटक वाच. जो घटक वजनानं जास्त तो पहिला लिहायचा, असा नियम आहे. बहुतेक पुड्यांवर पहिली साखर निघेल आणि कॉफी मागं कुठंतरी. म्हणजे तू कॉफीच्या भावात साखर घेतोस. त्यापेक्षा साध्या इन्स्टंटचं लहान पाकीट आण. दुधाला दोन वाटा आहेत. डेअरी व्हाइटनर आणलास तर त्यात आधीच साखर असते, वरनं घालू नकोस. नाहीतर नंदिनीचं गुडलाइफ घे. हे दूध 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक पाकिटात भरतात, म्हणून न फोडलेलं पाकीट फ्रीजशिवाय टिकतं. फोडलं की साध्या दुधासारखंच, त्या दिवशी संपव. कपात कॉफी आणि साखर घालून थोड्या गरम पाण्यात फेटायची, मग दूध ओतायचं. दूध गार असेल तर पाकीटच गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेव.

खाण्याचं म्हणशील तर तुझ्या रूमपासून जवळच खजिना आहे, तो तू बघितला नाहीस. कडक भाकरी! ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि खडखडीत वाळलेली, पाकिटात मिळते. महिलांचे बचत गट करतात, किराणा दुकानातही असते. कोरड्या डब्यात बरेच दिवस राहते. सोबत शेंगाचटणीचं पाकीट घे, आणि एक कारळ्याच्या नाहीतर जवसाच्या चटणीचं. दह्यात कालवलेली चटणी, वर कच्च्या तेलाची धार, बाजूला कांदा. रविवारची संध्याकाळ निघते. दह्यात भाकरीचे तुकडे घालून पाच मिनिटं थांबलास तर दातालाही सोपं. चटणी घेताना एवढंच बघ की घटकांत शेंगदाणे पहिले आहेत. काही स्वस्त पाकिटांत फुटाण्याची डाळ पुढं असते आणि शेंगा मागं.

सकाळी दडपे पोहे. पातळ पोह्यांवर ओल्या खोबऱ्याऐवजी डेसिकेटेड खोबऱ्याची पुडी, कांदा, लिंबू, मीठ, साखरेची चिमूट. किटलीतल्या पाण्याचे चार शिंतोडे मार आणि झाकून ठेव. फोडणी नाही म्हणून त्यातही शेंगाचटणी कालव. कपात गरम पाणी ओतायचे तयार पोहे मिळतात, चव बरी असते, खरं प्रति ग्रॅम भाव बघितलास तर साध्या पोह्यांच्या कितीतरी पट. परीक्षेच्या आठवड्यापुरते ठेव. गणपत गल्लीत नाहीतर रविवार पेठेत सुटे पोहे-चिरमुरे घेतलेस तर आणखी स्वस्त.

नूडल्स सोडच असं मी म्हणणार नाही. मसाल्याची पुडी अर्धीच टाक, बरंच मीठ त्यात असतं. उरलेली अर्धी दडप्या पोह्यांवर टाकून बघ, आईला सांगू नकोस.

प्रश्न: लग्न होऊन साताऱ्याहून निपाणीला आले. इथल्या दुकानात रव्याचे एवढे प्रकार! बन्सी, चिरोटी, इडली रवा. स्वस्त दिसला म्हणून इडली रव्याचा शिरा केला तर तो शिजेचना. आणि तयार मिक्सची पाकिटं घ्यावीत का?
— नवी सूनबाई, निपाणी

उत्तर: इडली रवा तांदळाचा असतो, सूनबाई, त्याचा शिरा होत नाही. चिरोटी रवा गव्हाचा आणि अगदी बारीक, शिरा आणि पुरणपोळीच्या कणकेला तो घ्या. बन्सी जाड, कडक बन्सी गव्हाचा, उपीट त्याचंच करा. पाणी अडीच ते तीन पट लागतं, पण मोकळं होतं, गोळा होत नाही. उरलेला इडली रवा वाया घालवू नका. एक वाटी उडीद डाळ भिजवून वाटा, दोन-सव्वादोन वाट्या रवा धुऊन त्यात मिसळा आणि रात्रभर आंबवा. म्हणूनच इडलीच्या तयार मिक्सची मला गरज वाटत नाही.

रवा इडलीचं मिक्स मात्र घाईच्या सकाळी सोयीचं, दही घालून लगेच होतं. ही इडली बेंगळूरच्या एमटीआर हॉटेलची. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा त्यांनी रव्यावर ती काढली असं सांगतात. गुलाबजामचं मिक्सही घ्या, पुण्याच्या गिट्सचं असो नाहीतर दुसरं कुठलं. सणाच्या तोंडावर चांगला खवा शोधण्यापेक्षा स्वस्त आणि निर्धोक. पुळियोगरे पुडी लहान पाकिटात मिळते, शिळ्या भाताला चिंच-तिळाची चव येते. सातारकरांना ती आधी आंबट लागेल, दुसऱ्या खेपेला मागून खातील. बिसीबेळे, म्हणजे डाळ-भाज्या घालून केलेल्या मसालेदार भाताची, पुडी घेतलीत तर पाकिटावर सांगतात त्यापेक्षा थोडी कमी घाला.

प्रश्न: मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालो. फौजेत असताना पाकीटबंद जेवण खाल्लं. आता दुकानात डाळ-भाजीची तसलीच पाकिटं बघतो. महिनेच्या महिने टिकतात म्हणजे औषध घातलेलं असणार, असं घरचे म्हणतात. खरं काय?
— एक माजी सैनिक, बेळगाव तालुका

उत्तर: सुभेदारसाहेब (हुद्दा लिहिला नाहीत, मी आपला मानानं देतो), तुमचं फौजेतलं जेवण आणि हे पाकीट एकाच घरचे. म्हैसूरला 1961 मध्ये संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, डीएफआरएल. जवानांच्या पाकीटबंद जेवणावरचं बरंच काम तिथं झालं आणि ते तंत्र नंतर खासगी कंपन्यांनीही घेतलं. शिजवलेलं अन्न अनेक थरांच्या, आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या पाकिटात हवाबंद करतात. मग ते पाकीट दाबाखाली सुमारे 121 अंशांना तापवतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत. टिकतं ते त्यामुळं, औषधाची गरज पडत नाही. घरच्यांना घटकांची यादी वाचून दाखवा.

पाकीट फुगलेलं असेल, कोपऱ्याला ओल दिसत असेल तर दुकानदाराला परत द्या, वास घेऊन बघायच्या भानगडीत पडू नका. फोडलं की एका जेवणात संपवा. घरी रोज खायला हे परवडत नाही. त्या पैशात पातेलंभर आमटी होते. सौंदत्तीच्या यात्रेला किंवा रेल्वेनं लांब जाताना दोन-चार बरोबर ठेवा. गरम पाण्यात पाकीटच बुडवायचं, तुम्हाला ते सांगायला नको.

प्रश्न: आमचं गाव हद्दीला लागून. पलीकडं महाराष्ट्रात बिस्किटं, कॉफी स्वस्त मिळते असं लोक म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर: एकेकाळी थोडंफार खरं होतं, दोन राज्यांचे कर वेगळे होते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी दोन्हीकडं एकच. छापील किंमतही तीच. फरक पडतो तो दुकानदार छापील किमतीत किती सोडतो त्याचा, आणि तो निपाणीतही सुटतो. पेट्रोल घालून जाऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून इन्स्टंट कॉफी आणि बिस्किटांवरचा कर 18 वरनं 5 टक्क्यांवर आला, नूडल्सवरचा 12 वरनं 5 वर. पाच-दहा रुपयांच्या पाकिटात बऱ्याच कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं, म्हणून फायदा झाला की नाही ते ग्रॅमच्या आकड्यावरनं कळेल.

प्रश्न: काका, संकष्टीला कॉफी चालते. पण पाकिटावर चिकोरी वाचल्यापासून शंका आली. चालेल ना?
— एक आजी, अनगोळ

उत्तर: आजी, चिकोरी हे मूळ आहे, धान्य नव्हे. रताळं चालत असेल तर तिला अडवायचं कारण मला तरी दिसत नाही. तरी मनाला लागत असेल तर शुद्ध कॉफीचं पाकीट आणा. थ्री-इन-वन मात्र नको. त्यात ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं आणि ते बऱ्याचदा मक्यापासनं करतात. उपवासाचा चिवडा पाकिटातला घेत असाल तर मीठ कुठलं आणि मसाल्यात हळद-हिंग आहे का तेही नातवाकडनं वाचून घ्या, अक्षर फार बारीक असतं.